मागचा आतला टायर

हवा किती भरायची, यावरून आमच्याकडे आठवडाभर जुंपली होती. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझा बाप काशिराम. न्हावा शेव्याला जन्मभर ट्रेलर चालवलेला माणूस. बोलतो असा, की पनवेलच्या घरात तोंड उघडलं तर उरणपलीकडे मोऱ्याच्या धक्क्यावर ऐकू जावं. इंजिनच्या वर आवाज काढायची ड्रायव्हर लोकांची सवय, असं आम्ही धरून चाललो होतो.

रिटायर झाल्यावर त्याने शाळेची जुनी मिनीबस घेतली. सीटा काढल्या, पलंग ठोकला, शेगडी बसवली, पाण्याची टाकी लावली. हिला कॅम्परवॅन म्हणतात, हे कळल्यावर तर त्याची कॉलर ताठच झाली. आईला त्याने लग्नात शब्द दिला होता, गंगे, तुला माझ्यासंगं लांब नेईन. तो कांडला बघून आला, कोचीन बघून आला, आणि आई उरणच्या बाजारापलीकडे गेली नाही. आता हर्णैला तिच्या बहिणीकडे जायचं होतं, वाटेत गाडीतच मुक्काम करत. महिनाभर तिने दुसरा विषय काढला नाही.

हवेचं म्हणाल तर दारावर लिहिलेला आकडा शाळेच्या पोरांच्या वजनाचा. आता टाकी, पलंग, सगळा भार मागे. मी मोऱ्याहून मासळीचा टेम्पो चालवते, एवढं मलाही कळतं. भरलेली गाडी तळोज्याला वजनकाट्यावर नेली, पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी तोलली, टायरवाल्याला विचारलं. पुढे पंचावन्न पौंड, मागे पासष्ट. त्यानंतर आईने गुपचूप पाटा-वरवंटा चढवला, तो भाग वेगळा.

बाबा हसला. "मीटर लावतात ते नवशिके. मी टामी मारतो. टायर बोलतो माझ्याशी."

टामी म्हणजे लोखंडी दांडा. टायरवर मारायचा. टण्ण वाजला तर हवा बरोबर, ढप्प वाजला तर टायर बसलाय. ट्रेलरवर असताना पळस्प्याच्या पार्किंगला तो रोज सकाळी असे टायर वाजवायचा, आणि शेवटची दोनेक वर्षं आई त्याच्या बाजूला उभी असायची, हातात चहाचा थर्मास घेऊन. "म्हातारपणी प्रेम उतू चाललंय गं बाई," असं मी चिडवायचे. आई लाजायचीसुद्धा.

निघायच्या दिवशी आई उजाडायच्या आतच गाडीत जाऊन बसली. नवं लुगडं, अबोलीची वेणी, मांडीवर सुक्या बोंबलांची पिशवी.

"अगं, अजून वेळ आहे. खाली उतर, चहा घे."

"नाय उतरत. उतरले आन् ह्यांचं मन फिरलं म्हंजे?"

बाबा टामी घेऊन गाडीभोवती फिरला. टण्ण, टण्ण. मागे जोडटायर. बाहेरचा टण्ण. आतला ढप्प. मला फाटकापाशी ऐकू आला. बाबा पुढे सरकला आणि ओरडला, "सगळे टनाटन हायत!"

मला वाटलं, मस्करी करतोय. "बाबा, मागचा आतला बसलाय."

पाठमोरा होता. आरसा पुसत राहिला. मी पुन्हा मोठ्याने सांगितलं. काही नाही. आणि मग माझ्या तोंडून नको ते गेलं.

"बाबा, आई पडली!"

बाबाने फडकं झटकलं आणि दुसरा आरसा पुसायला घेतला.

खिडकीतून आई बघत होती. तिचा चेहरा उतरला. "नको वरडू, किशे. त्यांना ऐकू येत नाय. तोंडाकडं बघून समजतात."

"कधीपासून?"

"ट्रेलरवर व्हते तवापासून. ते टामी मारायचे, मी मान हालवायची. आज मी वर बसले ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रेम कसलं, डोंबल! दोन वर्षं हा माणूस कंटेनर लादून उरणच्या रस्त्याने, माणसांतून, रिक्षांतून, शाळेच्या पोरांतून गेला, आणि आमच्या आईसाहेब माना हलवत होत्या. मी वाकून आतल्या टायरला मीटर लावलं. पासष्टच्या जागी तीस. घाटात सगळा भार बाहेरच्या एकट्यावर आला असता, आणि तो फुटला असता.

बाबा वळला. त्याने आमची तोंडं बघितली आणि त्याला समजलं. तो तिथेच पायरीवर बसला.

"चावी दे," मी हात पुढे केला.

"नको गं," आई रडायला लागली. "मी बाजूला बसते ना. हारन वाजला का त्यांच्या मांडीवर चापट मारीन. आमी घरी पलंगावर बसून शिकलोय. एकदाच जाऊ दे, किशे. परत नाय मागणार."

हसावं की रडावं, कळेना. ही दोघं पलंगावर बसून गाडी चालवत होती! मी मीटर बाबाच्या डोळ्यांसमोर धरलं. त्याने बराच वेळ आकडा बघितला. आईकडे बघितलं. मग स्वतःच खिशातून चावी काढून माझ्या हातावर ठेवली.

"गंगेला ने तू," तो म्हणाला. पहिल्यांदाच हळू बोलला, आणि तेही त्याला कळलं नसणार.

टायरवाल्याकडून आतल्या टायरचं पंक्चर काढून घेतलं, हवा भरली. आजची मासळीची फेरी गेली खड्ड्यात म्हटलं आणि स्टिअरिंगवर बसले. बाबाला कुठे बसायचं ते सुचेना. आयुष्यात तो त्या एका सीटशिवाय दुसरीकडे बसला नव्हता. शेवटी मागे शेगडीपाशी बसला, पाट्या-वरवंट्याच्या बाजूला.

कर्नाळा ओलांडल्यावर मी गाडी बाजूला घेतली. बाबा टामी घेऊन उतरला. मी अडवलं नाही. एकेक टायर वाजवायचा आणि वर खिडकीकडे बघायचा. माझ्या बाजूच्या सीटवरून आई मान हलवायची. मागचा आतला वाजवायला तो खाली वाकला.

तेवढ्यात मागून येणाऱ्या कंटेनरवाल्याने कर्कश हॉर्न दिला. मी दचकले. बाबा वाकलेलाच होता. आणि आईची चापट, तिने घरी शिकून ठेवलेली, माझ्या मांडीवर बसली.