अंधारीतली मशाल

मी मशाल बोलतेय, दौलताबादच्या किल्ल्यातल्या अंधारी नावाच्या भुयारातली. बाभळीचा दांडका, त्यावर जुन्या धोतराच्या चिंध्या आणि वर रॉकेल, एवढाच माझा जीव. पण तोरा विचारू नका! निजामाची सत्ता गेली त्या पोलीस ॲक्शननंतर लोक ही उजाड राजधानी हौसेनं बघायला येऊ लागले आणि माझ्यावाचून त्यांचं पाऊल हलेना.

मला बांधलं सांडू गाईडनं. भुयाराच्या मधोमध तो ओलं गोणपाट टाकून मला विझवायचा. मिट्ट काळोख व्हायचा, माणसं किंचाळायची, मग खो खो हसायची. एका बाजूला कडा फोडून केलेल्या भोकातून उजेडाची तिरीप येई. "वाट समजून दुश्मन तिकडं जायचा आन् थेट खंदकात पडायचा," असं सांगून सांडू मला पुन्हा पेटवायचा. मला हा खेळ कधीच आवडला नाही.

एकदा पैठणचे श्रीधरपंत आपल्या आईला, अंबिकाबाईंना घेऊन आले. म्हातारीला दिसायचं कमी, ऐकू त्याहून कमी. सांडूनं मला विझवलं. हशा झाला. मग श्रीधरपंतांचा आवाज चिरकला, "आई? आई कुठं आहे?"

तिरिपीत एक वाकलेली सावली हलत होती. भोकाकडेच चालली होती.

सांडूनं आगपेटी काढली. ओलं गोणपाट आणि आगपेटी दोन्ही त्यानं आधी कमरेला एकत्रच खोचलेली! ओल्या काडीचं टोक नुसतं चुरगळलं. श्रीधरपंत हाका मारत चाचपडत निघाले, ते पायरीवरून कोलमडले. एकट्याची हाक म्हातारीपर्यंत पोचतच नव्हती. माझ्या चिंध्यांत खोल एक ठिणगी धुमसत होती, पण मला सांगता येईना. जीव नुसता तळमळत होता.

सांडूच्या हाताला माझी धग लागली. त्यानं गोणपाट भिरकावलं, मला तोंडाशी धरून जिवाच्या आकांतानं फुंकलं. मी पेटले. त्याच्या मिशा जळाल्या. भिंती उजळल्या तशी म्हातारी थांबली, वळली आणि काठावरून सावकाश माझ्याकडे आली.

"तिकडं कशाला गेलीस, आई?" श्रीधरपंत तिच्या कानाशी तोंड नेऊन रडत होते.

"तुम्ही सगळे हसत होता," ती म्हणाली. "मला वाटलं, बाहेर पोचलात. मीच मागं राहिले."

सांडूनं मान खाली घातली.

त्यानंतर त्यानं मला आत कधी विझवलं नाही. काळोख बघायचाच म्हणून कुणी हटून बसलं तर म्हणायचा, "डोळे मिटून घ्या. त्योच अंधार हाय."

आता सांडू थकलाय. लोक बॅटऱ्या घेऊन येतात. मी त्याच्या घरात कोपऱ्यात उभी आहे, सुनेनं चुलीत घातलं तरी तक्रार नाही. तुम्ही अंधारीत गेलात तर खुशाल हसा, बाबांनो. फक्त त्याआधी आपल्या माणसाचा हात धरा.