पाटीवरची रेघ

तिसरा आणि शेवटचा रॉड लेथवर चढवायला बाबा निघाले, तेव्हा लेकीने तो त्यांच्या हातातून काढूनच घेतला. आईच्या पलंगाची उशाकडची बाजू उचलणारा स्क्रू झिजला होता आणि तीन आठवडे आई आडवी पडून चमच्याने पाणी पीत होती. नट पलंगालाच वेल्ड केलेला, त्यामुळे नव्या स्क्रूचे आटे त्याच्याशी जुळायलाच हवेत. बाबांनी कापलेले दोन्ही स्क्रू चार आटे गुपचूप गेले आणि पाचव्याला अडकून बसले.

"टूल बोथट आहे," बाबा म्हणाले.

"परवा नटाचा दोष होता. गियर कोणते लावलेत?"

"तीस आणि शंभर दातांचे. पाटीवर लिहिलंय ना, पॉइंट दोन नऊ सहा. म्हणजे पॉइंट तीनच की!"

लेकीच्या डोक्यात तिडीक गेली. लेथच्या झाकणाआतल्या पितळी पाटीवर कुठल्या स्क्रूला गियरचं काय प्रमाण लागतं, ते आईनेच कोरलं होतं. वर्कशॉपची सगळी गणितं तिची. गिऱ्हाइकांना मात्र बाबा सांगत, आपलं सगळं तोंडपाठ आहे.

ती तडक मागच्या खोलीत गेली. बाबा कुरकुरत मागोमाग आले.

"आई, पॉइंट दोन नऊ सहाच ना गं?"

"त्यावर रेघ आहे. दिसली नाही?"

बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "ओरखडा होता तो. मी पॉलिश पेपरने घासला."

मग आईने छताकडे बघत सुस्कारा सोडला. "अहो, रेघ म्हणजे तेच तीन आकडे पुन्हा पुन्हा, न संपता. लिही गं. हजारने गुणलं की दोनशे शहाण्णव आणि मागे तीच शेपटी. त्यातून मूळची संख्या वजा कर, शेपटी गळाली. राहिलं काय?"

"नऊशे नव्व्याण्णव पट म्हणजे दोनशे शहाण्णव." लेकीने कागदावर भागाकार केला. "दोन्हींना सदतीसने भाग जातो. आठ छेद सत्तावीस! मग सरळ तेच का नाही कोरलंस?"

"अपूर्णांक दिसला की तुझ्या बाबांचं डोकं दुखायचं. कॅल्क्युलेटरची हौस त्यांना."

लेकीने कपाळाला हात लावला. या दोघांपुढे तिने कधीच हात टेकले होते. चाळीसला साठ, विसाला पंचेचाळीस, मिळून बरोबर आठ छेद सत्तावीस, असे चार गियर तिने लावले आणि रॉड स्वतः कापला. बाबा शेजारी उभे राहून तेल सोडत राहिले.

स्क्रू पाचवा आटा ओलांडून गेला, सहावा, मग शेवटपर्यंत. बाबा गुडघ्यावर बसून हँडल फिरवू लागले. आई हळूहळू वर येत गेली आणि तीन आठवड्यांनी दोघांची नजर समोरासमोर आली. बाबांचे डोळे भरले होते.

"दुखतंय का कुठे?" त्यांनी विचारलं.

"नाही," आई म्हणाली. "आता उठा आणि ती रेघ परत कोरा. या वेळी खोल."