वारा काढणारा

मी पंखा बोलतोय. छताचा नव्हे, टेबलावरचाही नव्हे. ते वारा घालतात, म्हणून माणसं त्यांच्यापाशी हुश्श करून बसतात. मी वारा काढतो. भिंतीच्या भोकात बसून आतली कोंदट हवा बाहेर फेकायची, एवढंच माझं काम. माझ्यासमोर कुणी खुर्ची ओढून बसल्याचं मला आठवत नाही. याचं वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

कारखान्यात तयार झालो तेव्हा तपासणीच्या बाईंनी माझ्यासमोर तळहात धरला, "चांगला ओढतोय गडी," म्हणाल्या आणि मला खोक्यात घातलं. पुढची अकरा वर्षं एका खानावळीच्या स्वयंपाकघरात गेली. तळणाचा धूर ओढून पाती काळी, चिकट झाली, पण फडकं म्हणून कुणी लावलं नाही. आवाज करू लागलो तसा भंगारात गेलो. तिथून मला मास्तरांनी उचललं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, एक अडगळीची खोली, एक शिलाई मशीन आणि बायको, असा त्यांचा संसार. बाईंना छातीचं दुखणं जडलं, जिने उतरणं बंद झालं आणि खाली अंगणात हौसेनं केलेला वाफा सुटला. हाती उरल्या बटणांच्या डबीतल्या सात बिया. बाईंच्या आईनं लावलेल्या, लिंबाएवढ्या पिवळ्या टोमॅटोच्या. तसलं बी आता दुसऱ्या कुणाकडेच नव्हतं.

"या उगवल्या नाहीत, तर आईचं म्हणून काहीच राहणार नाही हो," बाई म्हणाल्या.

मास्तर उठले. त्यांनी अडगळ हलवली, बिनखिडकीच्या त्या खोलीत दिवे टांगले, कुंड्या मांडल्या. दिव्यांची धग बाहेर जावी म्हणून वर भोक पाडलं. मग अख्खी दुपार बसून माझं एकेक पातं साबणाच्या पाण्यानं पुसलं आणि मशीनचं तेल घातलं. इतके लाड माझे जन्मात झाले नव्हते. मी तिथेच त्यांचा झालो.

पाच बिया उगवल्या. पण आठवड्याभरात दोन रोपांनी माना टाकल्या त्या टाकल्याच. उरलेली तीनही मलूल दिसू लागली. मी जीव तोडून फिरत होतो, तरी खोली तापतच होती.

"अहो, तुमचा पंखा बिघडलाय," बाई दारातून म्हणाल्या.

"बिघडेल कसा? मी स्वतः तेल घातलंय."

"तेल घालून शहाणपण येत नाही, ना पंख्याला, ना..."

"बोल, बोल पुढे!"

तेवढ्यात मास्तरांच्या बाहीला चिकटलेला एक पांढरा दोरा सुटला आणि तरंगत थेट बाईंच्या गालावर येऊन बसला. बाईंनी तो चिमटीत धरला. "अहो, हा माझ्याकडे कसा आला? त्यानं पंख्याकडे जायला हवं होतं ना?"

मास्तरांनी माझ्यासमोर तळहात धरून पाहिला. मग त्यांनी कपाळाला हात लावला. "उलटा लावला गं मी! चाळीस वर्षं देखणी बाजू बाहेर ठेवायची सवय. ही जाळीची बाजू देखणी दिसली, म्हटलं हीच सुलट."

म्हणजे बाहेरच्या बोळात शेजाऱ्यांच्या एसीची जी गरम हवा साचते, ती ओढून मी रोपांवर ओतत होतो. चूक मास्तरांची खरी, पण वारा माझा होता. ती दोन रोपं मला अजून आठवतात.

बाई रागावतील असं वाटलं होतं. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला आणि मास्तर पाणी आणायला धावले. "जन्मभर लोकांचं उसवून दिलंत," त्या धापा टाकत म्हणाल्या, "आता स्वतःचं उसवा!"

मास्तरांनी मला उसवलं आणि सुलट बसवलं. दाराला खाली झडप कापून तिच्यावर ओलं फडकं टांगलं, दिवे हातभर वर घेतले. आता गार हवा खालून येते, तापून वर चढते आणि माझ्यातून बाहेर पडते. माझ्यासमोर तोच पांढरा दोरा टांगलाय. तो माझ्याकडे झुकलेला दिसला की बाईंचा जीव भांड्यात पडतो.

तिन्ही रोपं तगली. पहिला पिकलेला टोमॅटो बाईंनी चिरला, फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले. "आईचाच," एवढंच म्हणाल्या. पुढच्या टोमॅटोंच्या बिया कागदावर वाळवल्या, तर बटणांची डबी काठोकाठ भरली.

आता माझं वय झालंय, फिरताना कुरकुरतो. परवा मास्तर म्हणाले, "नवा आणू या का?"

"काही नको. कुरकुरतो, पण काम करतो. घरात आणखी एक तसाच आहे, त्याला बदललंय का मी?"

तुमच्याही घरात मागच्या भिंतीत माझा एखादा भाऊबंद असेल, तेलानं माखलेला. त्याला एकदा फडकं लावा, एवढंच मागणं आहे. माझं म्हणाल, तर मला आता काही कमी नाही. रोज दुपारी बाई खुर्ची ओढत आणतात आणि रोपांशेजारी, अगदी माझ्यासमोर बसतात. म्हणतात, इथं श्वास मोकळा होतो.