उजेडबाबांचा झोपलेला दिवा

हँगरच्या पत्र्याच्या दारापाशी तोबा गर्दी होती. गावाबाहेरच्या त्या छोट्या धावपट्टीवर एरवी हौशी विमानकार आणि भटकी कुत्री यांच्याखेरीज कुणी फिरकत नसे. आज मात्र विमानकारांच्या बायका आल्या होत्या, सासरे आले होते, एक जण तर मोतीबिंदू झालेल्या आजोबांना खुर्चीसकट उचलून घेऊन आला होता. कारण उजेडबाबा दिवा जागा करणार होते.

गर्दीच्या कडेला, थर्मासमधला चहा पीत, डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्यांचे यजमान रसायनांच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून घराच्या गॅरेजमध्ये विमान बांधत होते. दोन माणसांचं, अॅल्युमिनियमचं. एकेक स्क्रू ते स्वतः आवळत, रात्री उठून पुन्हा आवळून बघत आणि सकाळी बायकोला विचारत, "तू हात लावला नाहीस ना?" जगात कुणाच्याही कामावर त्यांचा विश्वास नव्हता. अशा माणसानं बाजारातून पारखून आणलेले दोन लखलखीत लँडिंग लाइट पंखांतून काढून उजेडबाबांना अर्पण केले होते आणि त्यांच्या जागी बाबांचा पितळी डबीतला दिवा बसवला होता. तो दिवा स्कूटरचा होता. डबीवर कंपनीचं नाव खरवडलेलं स्पष्ट दिसत होतं.

पुढच्या रविवारी यजमान त्या दिव्याच्या भरवशावर पहिल्यांदाच तिन्हीसांजेला विमान उतरवणार होते. शेजारच्या सीटवर डॉक्टरीणबाई बसणार होत्या. पहिली सांज तुझ्याबरोबर, असा शब्द त्यांनी विमानाचं नुसतं शेपूट तयार असताना दिला होता, आणि तो पाळण्याच्या बाबतीत ते हट्टी होते.

"वहिनी, पुढे या ना," दंतवैद्यानं हाक मारली. तोही विमान बांधत होता. त्याच्या विमानाला अजून पंख नव्हते, पण लँडिंग लाइट अर्पण करून बाबांचा दिवा आधीच घेऊन झाला होता. "असं लांबून काय कळणार?"

"इथून सगळं दिसतंय, भाऊजी."

बाबांचा विधी ठरलेला होता. आधी सगळ्यांनी भर दुपारच्या उन्हात उभं राहायचं आणि विमानाच्या चकाकत्या पंखाकडे बघत राहायचं. याला अहंकार वितळवणं म्हणत. डोळे पुरते दिपले, की मंडळींना भराभर हँगरमध्ये घ्यायचं, दार लावायचं आणि लगेच दिवा लावायचा. तो मिणमिणता दिसे.

"बघा, झोपलाय बिचारा," बाबा कनवाळूपणे म्हणत. अंगावर पांढरा डगला, गळ्यात जळक्या बल्बांची माळ. "वॉट म्हणजे देह. तेज म्हणजे आत्मा. तुम्ही लोक देहाचे वॉट मोजता. मी आत्म्याला हाक मारतो."

मग पापणीसमाधी. डोळ्यांवर काळं फडकं बांधायचं आणि बाबांचं प्रवचन ऐकायचं. प्रवचन लांबलचक असे आणि त्यात अंधाराचे फायदे सांगितलेले असत. ते संपता संपता आजोबा घोरू लागले, तेव्हा बाबांनी फडकी काढायला सांगितली आणि तोच दिवा पुन्हा लावला.

हँगरभर एकच 'अहाहा' उठला. दिवा डोळ्यांत भाल्यासारखा घुसत होता. यजमानांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ही भक्ती, असं सगळ्यांचं एकमत झालं. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात असं पाणी रोज वाहत असे आणि तिथे त्याला कुणी भक्ती म्हणत नसे.

बाबांनी लगेच दिवा मालवला. "जागृत दिवा फार वेळ बघायचा नसतो. ओझं होतं त्याला."

दंतवैद्य मीटर घेऊनच आला होता. त्यानं बॅटरी तपासली आणि जाहीर केलं, "आधी जेवढे व्होल्ट होते तेवढेच आत्ता आहेत. काडीचा फरक नाही."

"मग?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मग काय, वहिनी. वीज तेवढीच आणि उजेड चौपट. सायन्सनंच सिद्ध झालं की."

कंत्राटदारानं पुस्ती जोडली. तो इमारती बांधता बांधता विमानाकडे वळला होता आणि त्याचं विमान जरा जडच झालं होतं. "मी फोनवर दोन्ही वेळचे फोटो काढले. फोटोत दिवा सारखाच दिसतो."

"बघा म्हणजे."

"बघायचं काय त्यात? फोनला श्रद्धा नसते, वहिनी."

संध्याकाळी गाडीतून घरी येताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, तो मीटर खरं बोलत होता. फोनही खरं बोलत होता. दिवा बदलला नाही. तुमचे डोळे बदलले."

"तुला विमानातलं काय कळतं?"

"विमानातलं काही नाही. डोळ्यांतलं थोडं कळतं, पंचवीसेक वर्षं तेच करतेय."

"अगं, मी स्वतः पाहिलं. स्वतःच्या डोळ्यांनी."

"तीच तर तक्रार आहे माझी."

 घरी पोचल्यावर यजमान गॅरेजमध्ये गेले आणि काही स्क्रू आवळून आले. जेवताना म्हणाले, "तुला भीती वाटत असेल, तर रविवारी नको येऊस."

"आणि तुम्ही?"

"मी उतरवणार. बाबांना शब्द दिलाय. उडायच्या आधी ते दिवा पुन्हा जागा करणार आहेत."

धावपट्टीच्या टोकाला ओढा होता. त्याच्या अलीकडे कुत्र्यांचं कुटुंब राहत होतं आणि संध्याकाळी ते पट्टीच्या मधोमध बैठक घालत असे. डॉक्टरीणबाईंना रात्री झोप लागली नाही. आपण सोबत नसलो तर हा माणूस थांबेल, अशीही आशा नव्हती. तो एकटाच जाईल आणि विमान थेट ओढ्यात उतरवेल.

सकाळी त्यांनी दवाखान्यातून डोळ्यांवर चिकटवायच्या पट्ट्यांचा खोका घेतला आणि थेट उजेडबाबांना फोन लावला.

"बाबा, तुमचं तेज लोकांना सोसत नाहीये. माझ्या यजमानांचे डोळे दोन तास गळत होते."

"होतं तसं," बाबा म्हणाले. आवाजातून समाधान ठिबकत होतं. "ताकदच तेवढी आहे."

"डॉक्टर म्हणून मला काळजी वाटते. या वेळी प्रत्येकाचा निदान एक डोळा तरी झाकून ठेवू द्या. सकाळपासूनच. एक डोळा तेजासाठी, एक संसारासाठी."

बाबांनी जरा विचार केला. आपल्या दिव्यापासून संरक्षणाची गरज खुद्द नेत्रतज्ज्ञाला वाटावी, यापेक्षा मोठी जाहिरात ती कुठली. "ठेवा, ठेवा. मी प्रवचनातही सांगेन."

रविवारी दुपारी धावपट्टीवर जो देखावा होता, तो कुत्र्यांनाही नवा होता. ती उठून बाजूला जाऊन बसली. दंतवैद्य, कंत्राटदार, यजमान, सासरे, मेव्हणे, सगळे एका डोळ्यावर गुलाबी पट्टी लावून विमानाच्या पंखाकडे एकटक बघत उभे होते. डॉक्टरीणबाईंनी सकाळीच स्वतः फिरून पट्ट्या चिकटवल्या होत्या, निम्म्यांच्या डाव्या डोळ्यावर, निम्म्यांच्या उजव्या. कुणी कारण विचारलं नाही. मोफत उपचारांत प्रश्न विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

मंडळी धडपडत, एकमेकांच्या पायांवर पाय देत आत आली. दार लागलं. बाबांनी दिवा लावला आणि नेहमीच्या कनवाळू सुरात म्हणाले, "बघा, झोपलाय बिचारा."

"झोपलाय," सगळे म्हणाले.

"आता सगळ्यांनी पट्टी काढा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुसरा डोळा हातानं झाका, आणि बघा."

पट्ट्या टराटरा निघाल्या. मग दंतवैद्य म्हणाला, "अरे, हा तर जागा आहे."

"कसा जागा असेल?" बाबा म्हणाले. "मी अजून हाक कुठे मारलीय?"

"एका डोळ्याला जागा आहे." दंतवैद्य आता आळीपाळीनं डोळे मिचकावत होता. "झोपला. जागा. झोपला. जागा. बाबा, हा करतोय काय?"

हँगरभर लोक डोळे मिचकावू लागले. नवख्या माणसाला वाटलं असतं, की इथे सगळे सगळ्यांना डोळा मारताहेत. बाबांनी घसा साफ केला. "तो डावा डोळा आहे तुझा. हृदयाच्या बाजूचा. भक्तीचा डोळा डावाच असतो, त्यालाच आधी दिसतं."

"हो, माझा डावाच," दंतवैद्य भारावून म्हणाला.

"माझा उजवा आहे," कंत्राटदार म्हणाला.

"माझाही उजवाच," मागून सासरे म्हणाले. "माझं हृदय कुठे आहे मग?"

कुणीतरी हसलं. बाबा म्हणाले, "दिवा मालवतो, त्याला ओझं होतंय." डॉक्टरीणबाईंनी बटणावर हात ठेवला.

"असू दे जरा ओझं. बघत राहा सगळे."

सगळे बघत राहिले. हळूहळू उन्हात दिपलेला डोळाही सरावला. दिवा दोन्ही डोळ्यांना सारखाच दिसू लागला, आणि तो होता तसा, स्कूटरचा दिसू लागला.

"डोळ्याच्या आत एक पडदा असतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रोज पेशंटला सांगतात त्याच आवाजात. "उन्हात तो बोथट होतो. अंधारात ठेवला, की हळूहळू तल्लख होतो आणि मग काडेपेटीची काडीसुद्धा टोचते. तुम्हाला आधी उन्हात दिपवायचं आणि दिवा दाखवायचा. मग फडकं बांधून प्रवचन देऊन पडदा तल्लख करायचा आणि तोच दिवा पुन्हा दाखवायचा. आज मी प्रवचन पट्टीत घातलं, एवढंच. मीटरनं हे पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, भाऊजी. तुम्ही त्याचं ऐकलं आणि उलटं समजलात."

दंतवैद्यानं मीटर खिशात ठेवला आणि खिशाची चेन लावली.

यजमान अजून दिव्याकडेच बघत होते. "पण विमानात..." ते म्हणाले.

"विमानात तुम्ही उतरायच्या आधी कुठे फडकं बांधून बसणार आहात? समोर मावळतीचं आभाळ असणार, बोथटच असणार डोळे. आणि अहो, इतके दिवस तुम्ही सगळे या दिव्यात डोळे घालून बघताय. धावपट्टीवर त्याचा उजेड पडतो का, हे एकानं तरी पाहिलं का?"

कुणीही पाहिलं नव्हतं. विमानं बांधणारी शहाणीसुरती माणसं दिव्याची परीक्षा दिव्याकडे बघून करत होती.

यजमानांनी बाबांकडे तोंड वळवलं. "माझे दिवे कुठे आहेत?"

"ते अहंकाराचे दिवे होते, बाळा. नदीत सोडले."

एवढं बोलून बाबा मागच्या दारानं आपल्या व्हॅनकडे निघाले. व्हॅनच्या तोंडावर पांढरी चादर बांधलेली होती. गाडीसुद्धा समाधीत असावी, असं आजवर सगळ्यांना वाटे. कंत्राटदारानं चादर ओढली. बंपरवर एका ओळीत सगळ्यांचे लँडिंग लाइट बसवलेले होते, शिस्तीत, उत्तम वायरिंग करून.

"रात्री फिरावं लागतं मला," बाबा म्हणाले. "रस्ते वाईट आहेत."

यजमानांनी खिशात हात घातला. त्यांच्या खिशात कायम स्क्रूड्रायव्हर असतो. ते बंपरसमोर उकिडवे बसले आणि आपले दिवे सोडवू लागले. मध्येच थांबून त्यांनी एक स्क्रू निरखला. "आवळलाय मात्र चांगला," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी विमान उडालं नाही. यजमानांनी बाबांच्या दिव्याशेजारी आपले दिवे पंखांत बसवले, विमान पट्टीच्या एका टोकाला उभं केलं आणि ते सीटवर बसले. डॉक्टरीणबाई काळा कोट घालून, काळी छत्री उघडून दुसऱ्या टोकाला, ओढ्याच्या अलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. कुठला दिवा कधी लावायचा, हे दंतवैद्य ठरवणार होता आणि यजमानांना सांगणार नव्हता. फोन चालू होता.

"दिसतेय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"हा बाबांचा," मागून दंतवैद्याचा आवाज आला.

"आता?"

पट्टीच्या त्या टोकाला दोन दिवे लखकन पेटले.

"दिसतेस," यजमान म्हणाले. "छत्रीची एक काडी मोडलीय. आणि तुझ्यामागे तीन कुत्री बसलीयत."

डॉक्टरीणबाईंनी वळून पाहिलं. तीनच होती.

"मग पुढच्या रविवारी येते मी," त्या म्हणाल्या.

उजेडबाबा आता दुसऱ्या कुठल्या तरी धावपट्टीवर असतील, किंवा नदीकाठी, किंवा तुमच्या गल्लीत, गळ्यात दुसरी कसली माळ घालून. ते आले, तर त्यांच्याशी वाद घालू नका, त्यात ते तुमच्यापेक्षा तयार असतात. क्रम बदलून दाखवा म्हणावं. एक डोळा झाकून बघा. मीटर तुमच्या मनाविरुद्ध बोलला, तर आधी मन तपासा, मीटर नंतर. आणि कुणी फार तेजस्वी दिवा दाखवू लागला, तर दिव्याकडे पाठ करून उभे राहा आणि बघा, पुढचा रस्ता दिसतोय का.