जोखीम, शून्य ते दहा

आमच्या विक्रोळीच्या चाळीत जोखीम म्हणजे सोनं. तेही दुसऱ्याचं. गणपतीला गावी निघालेली शेजारीण पाटल्या फडक्यात बांधून आणते आणि म्हणते, "एवढी जोखीम ठेव गं, मी येईपर्यंत." माझ्या आईने, जानकीने, एकदा अशी जोखीम ठेवून घेतली होती. शेजारीण परत आली, फडकं सोडलं आणि म्हणाली, यातली एक पाटली माझी वाटत नाही. तिचीच होती. पण दोघींचं बोलणं बंद झालं ते झालंच, आणि तेव्हापासून आमच्या इथे कुणी कुणाची जोखीम घेत नाही.

हे डॉ. श्यामसुंदर सरांना माहीत असायचं कारण नव्हतं. ते मुलुंडचे. अंधेरीच्या एका मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटमध्ये प्रोफेसर, माझे पीएचडीचे गाइड, आणि कुणी नेमलेलं नसताना मराठी भाषेचे राखणदार. गिरण्या बंद पडल्यावर उपनगरांत पांगलेल्या कोकणी कुटुंबांतल्या बायका छोटे धंदे करतात, त्या धोका पत्करायला किती तयार असतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. प्रश्न ठरलेला होता, परदेशातही असाच विचारतात: शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे पूर्ण तयारी, तुम्ही स्वतःला कुठे ठेवाल? त्या प्रश्नाचं मराठी मी केलं आणि त्यात 'रिस्क' लिहिलं. सरांनी तो शब्द लाल पेनने खोडला.

"मानसी, रिस्क हा काय मराठी शब्द आहे?"

"सर, पण बायका तोच बोलतात. रिस्क घेतली, रिस्क नको, असंच..."

"आपण संशोधन करतोय, नाक्यावर गप्पा मारत नाही. 'जोखीम' लिही. नेमका शब्द आहे."

वर एक ताकीदही दिली. प्रश्न जसा आहे तसाच वाचायचा, आपल्या पदरचं काही समजवायचं नाही, नाहीतर उत्तरं दूषित होतात.

पहिली मुलाखत घेतली ती शकुमावशीची. मावशी आईची मैत्रीण, दोन दारं सोडून राहते. नवऱ्याची कंपनी बंद झाली तेव्हा हिने शाळेतली आयाची कायमची नोकरी सोडली, मोठी शेगडी आणली आणि मालवणी जेवणाच्या ऑर्डरी घ्यायला लागली. सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं होतं. पुढे सपना आणि आणखी काही जणी येऊन मिळाल्या आणि त्यांचा रवळनाथ महिला गट झाला. अख्ख्या चाळीत हिच्याइतकी धाडसी बाई मला तरी माहीत नाही. तिला मी प्रश्न वाचून दाखवला: तुम्ही जोखीम घ्यायला किती तयार असता?

"दुसऱ्याची जोखीम? नाय गो बाय!" मावशीने कानाला हात लावले. "तुझ्या आवशीचा काय झाला ता बघलंस ना? शून्य लिव."

मी शून्य लिहिलं. नियमच तसा होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच सरांच्या केबिनमध्ये गेले आणि पाटल्यांची गोष्ट सांगितली. सर मनापासून हसले.

"किती गोड! अगं, पण एखाद-दुसरीचा गैरसमज होणारच. एवढ्या मोठ्या सॅम्पलमध्ये तो वाहून जातो."

वाहून कसला जातोय! घाटकोपर घ्या, बोरिवली घ्या, बायका सगळ्या कोकणातल्याच, आणि सगळ्यांच्या घरी पाटल्यांची नाहीतर मोहनमाळेची एकेक गोष्ट. शून्य, एक, शून्य, शून्य. सरांना आकडे इतके आवडले की त्यांनी पुन्हा काही विचारलंच नाही. परदेशातल्या मोठ्या जर्नलमध्ये पेपर आला. उपनगरांतल्या उद्योजिका धंदा करतात तो नाइलाजाने, मुळात त्या जोखीम-विन्मुख, म्हणजे धोका टाळणाऱ्या, असतात, असा निष्कर्ष. इन्स्टिट्यूटने गेटवर सरांच्या फोटोचा बॅनर लावला. माझं नाव पेपरच्या शेवटी, आभारांत, टायपिंग करणाऱ्याच्या नंतर.

इथवरही मी गप्प बसले असते. पेपर येतात नि जातात, वाचतं कोण? पण हा वाचला गेला. हायवेलगतच्या एका मोठ्या कंपनीला तिचं कॅन्टीन बाहेर चालवायला द्यायचं होतं. शकुमावशीच्या गटाने अर्ज केला होता, चाखायला सोलकढीपासून वड्यांपर्यंत सगळं नेलं होतं, साहेब लोकांनी बोटं चाटली होती. मावशीने कॅन्टीनला लावायच्या पाटीवरची अक्षरंसुद्धा ठरवून टाकली होती. आणि त्याच कंपनीने सल्लागार म्हणून नेमलं कुणाला, तर श्यामसुंदर सरांना. महिला गटांवर त्यांचा अभ्यास आहे ना!

मी ताबडतोब मावशीकडे गेले. या वेळी माझ्या शब्दांत विचारलं, मावशी, रिस्क घ्यायला किती तयार असतेस?

"अगो, रिस्क म्हणतस तर तसा सांग ना!" मावशी खदखदून हसली. "रिस्क घेवची नाय तर काय घरात बसान ऱ्हवाचा? धा लिव. अकरा असात तर अकरा लिव."

सपनाने नऊ सांगितले. गटातल्या बाकीच्यांनीही आठाच्या खाली उत्तर दिलं नाही. ते सगळं घेऊन मी सरांपुढे उभी राहिले. सरांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं. ते मूर्ख नाहीत. त्यांना कळलं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. मला अजून सर्वांत जास्त राग येतो तो याचाच.

"पेपर छापून झालाय, मानसी."

"सर, पेपरचं नंतर बघू. कंपनीला फक्त सांगा की ते आकडे चुकीचे आहेत. पुढच्या आठवड्यात त्यांचा निर्णय आहे."

"असं सांगितलं की पेपर मागे घ्यावा लागतो. ज्याचा पेपर मागे घेतला गेला त्या गाइडच्या विद्यार्थिनीला उद्या नोकरी कोण देणार? मी तुझाच विचार करतोय." मग आवाज मऊ केला. "कंपनीचं मी बघतो. तू प्रबंधाकडे लक्ष दे."

त्यांनी काय बघितलं देव जाणे. दोन दिवस वाट पाहून मी स्वतःच कंपनीत फोन केला. मिहिर नावाचे एक अधिकारी फार सौजन्याने बोलले. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही त्या पेपरच्या लेखिका आहात का?"

"नाही. माहिती मी गोळा केली."

"अच्छा. मग सरांकडूनच येऊ दे ना तसं."

सरांकडून आलं ते असं: महिला गटांना थेट कंत्राट देऊ नये, त्यांच्यावर ताण येईल. अनुभवी कंत्राटदार नेमावा आणि या भगिनींना त्याच्याकडे नोकरीची हमी द्यावी. भगिनी! मला तो शब्द वाचून शिवी आठवली. कॅन्टीन एका कंत्राटदाराला मिळालं. त्याने मेनूमध्ये पनीर आणलं आणि मावशी, सपना यांना हेल्पर म्हणून ठेवलं. कॅन्टीन मिळणार या भरवशावर भांड्यांसाठी काढलेलं कर्ज फेडायचं होतं, म्हणून त्याही गेल्या. दिवसभर तिकडे राबून ऑर्डरी करणार कोण? मोठी शेगडी चाळीच्या जिन्याखाली गेली. मावशीने मला एकच विचारलं, "तुज्या सरांका आमचा काय वायट दिसला गो?" मी तिला जोखमीचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एका शब्दासाठी?"

दोन महिन्यांनी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मूड झकास होता. चहा मागवला, जो ते कधी मागवत नाहीत.

"मानसी, तुझ्या त्या मुद्द्यावर विचार करत होतो. काय जबरदस्त फाइंडिंग आहे अगं! एकच प्रश्न, एकच बाई, आणि शब्द बदलला की उत्तर शून्यावरून दहावर. भाषा आणि जोखीम! असं कुणी दाखवलेलंच नाही. आपण नवा पेपर करू. त्याच बायकांना पुन्हा विचारायचं, या वेळी 'रिस्क' वापरून. तुझं नाव दुसरं."

"म्हणजे पहिला पेपर चुकला होता, हे त्यात लिहायचं ना सर?"

"चुकला कशाला? पहिला टप्पा म्हणायचं."

कप त्यांच्या अंगावर भिरकावावासा वाटला. पण विचार केला, कुठल्यातरी वाक्यात का होईना, या बायका भित्र्या नव्हत्या हे छापून येईल. सरांच्या नावाखाली येईल, तर येऊ दे. म्हणून मी हो म्हटलं आणि सुरुवात पुन्हा शकुमावशीपासून केली.

ती कॅन्टीनच्या मागच्या बाजूला भेटली. डोक्याला जाळीची टोपी, छातीवर कंत्राटदाराचं नाव छापलेला एप्रन, पुढ्यात खरकट्या ताटांचा ढीग. सुपरवायझर दारातच उभा होता, म्हणून तिने हात थांबवले नाहीत. मी प्रश्न वाचला. सोपा, आमच्या चाळीतला शब्द घालून. मावशी, तुम्ही रिस्क घ्यायला किती तयार असता? शून्य ते दहा.

ती हसेल असं मला वाटलं होतं.

"आदी धा सांगितलंय मां तुका?" ताट विसळत ती म्हणाली. "तेवा कढय माझी होती. आता कसली रिस्क गो? ह्यो माणूस उद्या येव नको म्हणालो तर काय करू? शून्य लिव."

"मावशी, नीट विचार करून सांग ना. मी कुणाच्या सोन्याचं विचारत नाहीये."

"कळला माका. रिस्कच म्हणालंस ना? ह्या टायमाक खरा सांगतंय. लिव."

मी शून्य लिहिलं. सरांचा पहिला पेपर आता बरोबर होता.