तिसऱ्या हाकेला

देवू आणि मी एकाच पाड्यावरचे. बोईसरजवळच्या एका कारखान्यात मी वायरिंग करायचो, तो सांडपाण्याच्या खड्ड्यातला गाळ काढायचा. सहा वर्षांपूर्वी त्याच खड्ड्यात गॅसने गेला. पुढे कारखानाच बंद पडला.

यंदा नव्या मालकाने तो चालू करायला घेतला. गॅस, पाणी मोजणाऱ्या डब्यांची जुनी लाइन मीच दुरुस्त केली. पिळलेल्या दोन तारांची एकच वायर, या डब्यातून त्या डब्यात जाणारी. पॅनेलमधला कंट्रोलर एकेका डब्याला नंबराने हाक मारतो. ज्याचा नंबर, त्यानेच बोलायचं. तीन हाकांत उत्तर आलं नाही तर तो पुढच्याकडे वळतो. खड्ड्यातला गॅस मोजणारा सात नंबरचा डबा सडला होता. तो काढून मी बारा नंबरचा नवा बसवला.

सकाळी अकराला इंजिनिअर प्रणव पॅनेलपुढे लॅपटॉप लावून बसला. बाहेर खड्ड्यापाशी देवूचा मुलगा अंकुश कमरेला दोर बांधत होता. बापाचं काम आता त्याच्याकडे आलं होतं.

"बारा गॅस शून्य दाखवतोय. उतरू दे त्याला," प्रणव म्हणाला आणि थांबला. "सुकाकाका, सात नंबर काढलात ना?"

"त्या पिशवीत हाय, बगा."

"मग हे कोण बोलतंय?"

स्क्रीनवर सातपुढे आकडा होता, दोनशे दहा. दहालाही माणूस उतरवत नाहीत.

"दुसऱ्या कुठल्या डब्याला चुकून सात नंबर दिलात. वय झालं तुमचं!"

मी पॅनेलमधून निघणारी वायरच सोडवली. सगळे डबे गप्प झाले.

सात बोलला.

प्रणवचं हसू गेलं. मी स्क्रीन बघत राहिलो. बाकीचे डबे पहिल्या हाकेलाच उत्तर द्यायचे. सात दोन हाका रिकाम्या जाऊ देत होता. तिसरीला बोलत होता.

आमच्या पाड्यावर पहिल्या हाकेला कोणी ओ देत नाही. पहिल्या दोन रानातल्या कुणाच्याही असतात, तिसरी माणसाची. देवू कारखान्यातही तसंच करायचा. सुपरवायझर ओरडायचा, "बहिरा हायेस काय रे?"

मी दारात धावलो. प्रणवचं 'उतरू दे' ऐकून अंकुश उतरायला लागला होता, डोकंच तेवढं खड्ड्यावर दिसत होतं.

"अंकुश!"

तो खाली सरकला. त्यालाही तेच वळण.

"अंकुश!"

डोकं दिसेनासं झालं.

"अंकुश!"

"ओ," खालून आवाज आला. "काय झाला, काका?"

"वर ये. आधी वर ये!"

तो खोकत वर आला. मी बारा नंबर ओढून काढला. गॅस हुंगायच्या तोंडावर कंपनीची प्लास्टिकची टोपी तशीच होती. ती काढायला मी विसरलो होतो. टोपी काढून डबा खाली सोडला, वायर जोडली. बाराने दोनशे दहा दाखवले.

सात तेव्हापासून गप्प आहे. प्रणव म्हणतो, हा नंबर यादीतून काढू, लाइनचा वेळ फुकट जातो. मी काढू देत नाही. कंट्रोलर त्याला अजून तीन हाका मारतो. दोन होईपर्यंत मी हातातलं काम करत असतो.