पैकीच्या पैकी

अनिरुद्धरावांनी जन्मात कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. पण त्या आठवड्यात आपलेच विद्यार्थी नापास व्हावेत म्हणून ते देव पाण्यात घालून बसले होते.

साल २००३. एका खाजगी विमा कंपनीच्या तंजावर शाखेत ते प्रशिक्षक होते. तिरुवैयारु, पापनाशम, ओरत्तनाडुहून एजंट यायचे आणि माडीवरच्या वर्गात अनिरुद्धराव त्यांना लोकांशी बोलायचं कसं, ते नकला करून शिकवायचे. आता चेन्नईच्या साहेबांनी सगळं कॉम्प्युटरवर चढवलं होतं. धडा इंटरनेटवर, परीक्षाही तिथंच. सगळे पास झाले तर वर्ग बंद, आणि अनिरुद्धरावांनी चेन्नईला जाऊन फोनवर तक्रारी ऐकायच्या. निम्मे घसरले तर वर्ग चालू. शरमेपोटी त्यांनी वर्गात याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

तसा धीर वाटावा अशी परिस्थिती होती. धडा इंग्रजीत. लाइन सारखी तुटायची आणि पडद्यावरची कोटवाली बाई तोंड उघडं ठेवून थिजायची. राजमअम्मा तर माउसला शिवण्याआधी पदराला हात पुसायच्या. तरी जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. घरी येरझारा चाललेल्या.

"कापी निवली," श्रीविद्या कॉफीचा पेला पुढे सारत म्हणाली. "मज सांगा तरी, काय झालं?"

"मंडळी परीक्षेस बसलींत."

"मग पास होतील की! तुम्हीच शिकिवलेले नव्हे?"

बायकोच्या त्या विश्वासाचा त्यांना असा राग आला की ते तसेच चपला घालून बाहेर पडले.

निकालाच्या दिवशी वर्गात पाऊल टाकलं तर सगळे उभे. राजमअम्मांच्या हातात मरवा-जाईचा हार. निकाल पैकीच्या पैकी, एकूण एक!

"चेन्नईवाले तुमच्या शिकवण्यावर संशय घेतात असं कानावर आलं, सार्," त्यागराज म्हणाला. गावात त्याचं ब्राउझिंग सेंटर होतं. "आम्ही नापास झालो असतो तर बोल तुम्हाला लागला असता. म्हणून सगळ्यांचे पासवर्ड घेऊन मीच बसलो."

अनिरुद्धरावांना हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात फोन खणखणला. साहेब.

"अभिनंदन! पण काय हो, प्रत्येकानं स्वतःच दिली ना परीक्षा?"

एक 'नाही' पुरे होतं. वर्ग वाचला असता. त्यागराज आणि बाकीचे मात्र कामावरून गेले असते. या वेड्यांवर चिडावं म्हटलं तरी त्यांना चिडता येईना.

"माझे विद्यार्थी आहेत, साहेब," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

टाळ्या पडल्या. राजमअम्मांनी हार घातला आणि रोजच्यासारखं विचारलं, "मग सार्, सोमवारी कुठला धडा?"

"सोमवारी वर्ग नाही, अम्मा," अनिरुद्धराव म्हणाले. "तुम्ही सगळे पास झालात."